पायाचं माप

रेडिमेड बोर्ड मिळतात, काळे, तिरके,
मागची कड उंच, पुढची जमिनीला टेकलेली,
शाळेतल्या जुन्या डेस्कासारखे.
माझ्या उजव्या घोट्यात रॉड आहे,
सांगली फाट्यावरच्या त्या रात्रीपासून.
पाऊल उचलतं, पण बोटं आभाळाकडे वळत नाहीत.
तिसऱ्या गाण्यानंतर
मागच्या ओळीतल्या डिलेपर्यंत पोचायचं
म्हणजे जोतिबाच्या पायऱ्या.

म्हणून उद्यमनगरात गेले.
मागच्या गल्लीत, जिथे दुपारभर लेथ बोलतो
आणि माणसं हातवाऱ्यांनी.
दस्तगीर शिकलगारांच्या टेबलावर
पिशवीतून एकेक काढून मांडलं:
ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले,
आणि निळा रंग उडालेला रिव्हर्ब,
जो आल्हाद बँड सोडताना माझ्याकडे विसरला,
किंवा ठेवून गेला.

“गिटार हातानं वाजवत्यात न्हवं?”
“हातानंच की.”
“मग ह्ये?”
“आवाजाला वळण लावायला.”
त्यांनी ओव्हरड्राइव्ह उचलला, कानाशी हलवला,
नारळ निवडावा तसा.

मी नकाशा पुढे केला. साठ बाय तीस,
पाच डबे, दोन ओळी, पट्टीनं आखलेल्या.
त्यांनी तो उलटा करून फरशीवर टाकला.
“चप्पल काढ. हुबी ऱ्हा ह्याच्यावर.”
कानावरच्या पेन्सिलीनं
पावलाभोवती रेघ ओढली. उजव्याच.
माझं लंगडणं त्यांनी दारातच मोजलं असणार.
रेघ ओढणाऱ्या हाताला साडेतीन बोटं.
मी मोजली. मला मोजताना त्यांनी पाहिलं.
“प्रेस,” ते म्हणाले.
“रॉड,” मी म्हणाले.
एवढ्यात ओळख झाली.

मग भांडण, क्रमावरून.
मी समजावत होते: आवाज उजवीकडून शिरतो,
आधी खरखर, मग लाट, मग पडसाद,
शेवटी रिकाम्या हौदासारखी पोकळी.
अदलाबदल केली की चिखल होतो.
शिकलगार बिडी विझवत म्हणाले,
“तारंला कुठं पाय असत्यात?
ती जाईल की वळसा घालून.
तू सारखं सारखं दाबतीस ते पुढं घे,
कधीमधी लागतंय ते जाऊ दे मागं.”
चार वर्षं मी आवाजाच्या रांगेत
स्वतःचा पाय उभा करत होते.

बसच्या टपाचा उरलेला ॲल्युमिनियम,
कडा घासून घासून गुळगुळीत.
चढ नाहीच. उलट मागची कड दोन सूत खाली.
डिले पुढे, ओव्हरड्राइव्हच्या शेजारी,
मध्ये माझ्या पंज्याएवढी मोकळी जागा.
ट्यूनर कोपऱ्यात, वर्गाबाहेर उभा केल्यासारखा.
लांब पॅच केबल पत्र्याखालून,
अडाप्टरची वायर तिच्यापासून चार बोटं दूर,
नाहीतर दोघी मिळून गुणगुणतात.
उचलायला मूठ केरबा व्हटकरांनी दिली,
चपलेची वेणी असते तशी विणलेली,
तेल प्यायलेल्या चामड्याची. वास अजून जात नाही.

न्यायला गेले तेव्हा म्हणाले, “वाजवून दाव.”
ॲम्प नव्हता. प्लगला वेल्डिंगचं मशीन.
“उद्या घेऊन येतो की,” मी म्हणाले.
“उद्या कशाला? दाब नुसतं.”

मी उभी राहिले. डाव्या पायावर भार.
गाणं मनात सुरू केलं, आणि उजवं पाऊल
न बघता गेलं जिथे जायचं तिथे.
खट्. चार मात्रा. खट्.
कडव्याच्या तोंडाशी दोन, लागोपाठ.
लेथवरच्या पोरानं मशीन बंद केलं.
शिकलगार मान खाली घालून ऐकत होते,
आवाज नसलेलं आख्खं गाणं.

“खटका चांगला हाय,” शेवटी म्हणाले,
आणि मुठीचे पैसे धरले नाहीत.

माझं पाऊल काढलेला तो कागद
अजून त्यांच्या खिळ्याला आहे,
गेटांच्या, ग्रिलांच्या, पिठाच्या चक्कीच्या मापांमध्ये.
वर पेन्सिलीनं लिहिलंय:
गिटारवाली. उ. पाय. सपाट.